मंत्रिमहोदय, आमचे साहित्य बादल्यांखाली आहे

मा. मंत्रिमहोदय,
सविनय नमस्कार.

मागील आठवड्यात आपल्या विभागाचे पत्र मला मिळाले. त्यात एकच वाक्य आहे आणि ते मी येथे जसेच्या तसे उतरवते : "आपल्या मागणीनुसार साहित्य कक्ष उपलब्ध करून देण्यात आला असल्याने सदर प्रकरण नस्तीबद्ध करण्यात येत आहे." जिल्हा परिषदेच्या शाळेत ३४ वर्षे मराठी शिकवल्यामुळे वाक्याचा अर्थ लावण्याची मला बऱ्यापैकी सवय आहे. या वाक्याचा अर्थ लावण्यासाठी मात्र मला त्या इमारतीच्या मागच्या बाजूला जाऊन, विटांवर उभे राहून, खिडकीच्या फुटक्या काचेतून आत पाहावे लागले.

आपल्या स्मरणात नसेल म्हणून सांगते. २७ फेब्रुवारी २०२५ रोजी आपण बालाघाटाच्या कुशीतील आमच्या तालुक्याच्या गावी आला होतात. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाल्यानंतरचा तो पहिलाच मराठी भाषा गौरव दिन होता, त्यामुळे मंडप मोठा होता. आमच्या लेखनमंडळातील ११ जणांचा आपल्या हस्ते शाल, श्रीफळ व गौरवपत्र देऊन सत्कार झाला. भाषणात आपण मराठवाड्याच्या संतभूमीचा उल्लेख करून नऊ संतांची नावे घेतलीत; मी मोजली. संत जनाबाईंना आपण बीड जिल्ह्यात आणून बसवलेत, तेही मी त्या वेळी सोडून दिले. गंगाखेड परभणी जिल्ह्यात आहे, एवढेच आता नोंदवते. शेवटी आपण म्हणालात की, या मंडळींना तीन महिन्यांत हक्काचा साहित्य कक्ष देतो. टाळ्या झाल्या. मीही वाजवल्या.

खरे तर खोली आमच्याकडे होती. एका सरकारी इमारतीतील मागची, पावसाळ्यात एका कोपऱ्यातून ठिबकणारी खोली २००६ पासून आम्हाला दर शनिवारी संध्याकाळी पाच ते आठ वापरायला मिळत होती. आमची मागणी एवढीच होती की, छताची गळती थांबवावी आणि खोली आमच्या वापरासाठी असल्याचे एक पत्र द्यावे. जुलै महिन्यात पेंटर आला. त्याने दारावर पिवळ्या रंगात सुबक अक्षरांत 'साहित्य कक्ष' असे लिहिले. आम्ही पेढे वाटले. तिसऱ्या दिवशी एक टेम्पो आला आणि त्यातून मोडक्या खुर्च्या, सतरंज्या, जुन्या फ्लेक्सच्या लोखंडी चौकटी, झाडू, पाण्याची पिंपे आणि प्लास्टिकच्या बादल्या उतरल्या. एकात एक घातलेल्या बादल्यांच्या उतरंडी छताला टेकल्या. दाराला नवे कुलूप लागले. तेथील कर्मचाऱ्याला मी विचारले, तर तो अत्यंत प्रामाणिकपणे म्हणाला, "बाई, वरून आदेश हाय, इथं साहित्य ठेवायचं."

मंत्रिमहोदय, आपण शब्द पाळलात. शब्दकोशात 'साहित्य' या शब्दाला दोन अर्थ आहेत आणि आपल्या विभागाने त्यांपैकी सोयीचा निवडला.

आमचे साहित्य म्हणजे काय, हे आपल्याला सत्काराच्या गडबडीत कोणी सांगितलेले दिसत नाही. आमच्या मंडळात एक ऊसतोड मजूर बाई आहे. सातवीपर्यंत शिकलेली. मुकादमाकडून उचल घेतली की दिवाळीनंतर ती नवऱ्याबरोबर कोयता घेऊन कर्नाटकात किंवा सांगली-कोल्हापूरकडे जाते आणि पाडव्याच्या आसपास परतते. तोपर्यंत तिची बैठकीतील हजेरी मोबाइलवरून लागते. पहाटे ट्रॅक्टर भरून झाल्यावर खोपीत बसून ती नवी ओळ रेकॉर्ड करून पाठवते. मागे बैलांच्या घुंगरांचा आवाज असतो, कधी तिच्या लेकीचा खोकला असतो. मोळ्या मोजता मोजता लेक शंभरापर्यंत शिकली, पुढचे आकडे मुकादमाच्या वहीत आहेत, अशा अर्थाची तिची एक कविता या वर्षी एका दिवाळी अंकात आली. अंकाची प्रत माझ्या घरी आहे. तिने ती अजून हातात घेतलेली नाही. मी पाठवलेला फोटो तिने फडातच पाहिला.

आमच्यात एसटीचे एक वाहक आहेत, जे तिकीट यंत्राच्या उरलेल्या कागदी रोलच्या पाठीवर चार-चार ओळींच्या कविता लिहितात. त्या कागदावरची छपाई वर्षभरात उडून जाते आणि मागची बॉलपेनची अक्षरे तशीच राहतात, असे त्यांनीच मला दाखवले. एप्रिल २०२२ मध्ये उदगीरला ९५वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन झाले तेव्हा रजा टाकून, रात्री उशिरापर्यंत थांबून, त्यांनी कविकट्ट्यावर आपली कविता वाचली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ते पुन्हा ड्युटीवर होते. एक अंगणवाडी सेविका आहेत. त्यांच्या बालकथांचे पुस्तक त्यांनी स्वतःच्या मानधनातून पैसे साठवून काढले, ५०० प्रती. त्या प्रती आज आमच्या तालुक्यातील बहुतेक अंगणवाड्यांमध्ये आहेत, तेल आणि खिचडीचे डाग पडलेल्या. मोबाइल दुरुस्तीचे दुकान चालवणारा एक तरुण उत्तम गझल लिहितो आणि आम्हा सगळ्या म्हाताऱ्यांची हस्तलिखिते दुकान बंद झाल्यावर युनिकोडमध्ये टंकित करून देतो. निवृत्त तलाठी आहेत. त्यांचे गद्य सातबाऱ्यासारखेच आखीव असते, पण एका विहिरीच्या वादावरची त्यांची कथा ऐकताना खोलीत कोणी हलले नव्हते. दोघांच्या कविता आकाशवाणीच्या परभणी केंद्रावरून प्रसारित झाल्या आहेत. एकूण १४ पुस्तके. माझ्या हिशेबाने १९ वर्षांत ९०० च्या वर बैठका, कोरोनाचा काळ वगळून; आकडा चुकत असेल तर आपण लेखापरीक्षक पाठवावा, हजेरीची वही त्याच खोलीत आहे.

मुद्दा त्या वहीचाच आहे. खोलीत आमचे एक लोखंडी कपाट होते, अजूनही आहे, बादल्यांच्या मागे. त्यात १९ वर्षांच्या हजेरीच्या वह्या, सदस्यांची हस्तलिखिते आणि आमच्या एका वायरमन मित्राच्या चार वह्या आहेत. हा मित्र २०२१ मध्ये कोरोनाने गेला. विजेच्या खांबावरून दिसणाऱ्या गावाबद्दल त्याने जे लिहिले आहे, तसे मी अन्यत्र कुठे वाचलेले नाही. त्याच्या वह्यांची दुसरी प्रत नाही. दर दिवाळीला त्याची पत्नी येऊन त्या वह्या बाहेर काढते, फडक्याने पुसते आणि परत ठेवते. या दिवाळीला ती आली आणि कुलूप बघून गेली.

सप्टेंबर २०२५ मध्ये मराठवाड्यावर कोणता पाऊस पडला, हे मी आपणास सांगण्याची गरज नाही. आपण हेलिकॉप्टरमधून पाहणी केल्याची छायाचित्रे आम्ही पाहिली. सोयाबीन गेले, गुरे गेली, नदीकाठची माती खरवडून गेली. ज्यांचे शेत वाहून गेले त्यांच्यापुढे वह्यांची तक्रार मांडायला मलाही संकोच वाटतो. परंतु पंचनाम्याला कोणी तरी शेतात येते तरी. आमच्या खोलीत पाणी शिरले त्याचा पंचनामा कोणी करायचा? खिडकीतून मला कपाटाच्या खालच्या फळीपर्यंत ओल चढलेली दिसली. एक वही कपाटाच्या दाराच्या फटीतून अर्धी बाहेर आली होती, तिची पाने फुगली होती आणि निळी शाई पसरून साऱ्या सह्यांचा एकच डाग झाला होता.

खालच्या फळीवर माझी कादंबरी आहे. हे मी लिहिणार नव्हते, पण आता लिहिते. ३१२ पाने, हाताने लिहिलेली, अकरा वर्षे लागली. शाळेतून आल्यावर, स्वयंपाक उरकून, सासूबाईंचे पथ्यपाणी करून, रात्री दहानंतर मी ती लिहिली. यजमान म्हणत, झेरॉक्स काढून ठेव. मी म्हणत असे, शेवटचे प्रकरण होऊ दे. शेवटचे प्रकरण जूनमध्ये झाले. यजमान ते ऐकायला राहिले नाहीत. जुलैच्या दुसऱ्या शनिवारी मी ती वाचून दाखवणार होते, म्हणून आदल्या शनिवारी कपाटात ठेवून आले, आणि त्याच आठवड्यात आपला साहित्य कक्ष कार्यान्वित झाला.

त्यानंतर मी सात वेळा जिल्ह्याच्या ठिकाणी गेले. महिला सन्मान योजनेमुळे एसटीचे तिकीट अर्धे लागले, याबद्दल मी शासनाची ऋणी आहे. गुडघे मात्र पूर्ण दुखले. प्रत्येक खेपेला वेगळ्या टेबलावर सांगितले गेले की, आमचे मंडळ नोंदणीकृत संस्था नसल्याने अर्ज विचारात घेता येत नाही. फेब्रुवारीत शाल घालताना नोंदणी क्रमांक कोणी विचारला नव्हता. रजिस्टर पोस्ट स्पीड पोस्टात विलीन झाल्याने माझे तिसरे स्मरणपत्र स्पीडने गेले. तो वेग आवक-जावक टेबलापर्यंतच टिकला.

मंत्रिमहोदय, अभिजात दर्जासाठी जे पुरावे मांडले गेले त्यांत गाथासप्तशती अग्रभागी होती. तिचा संग्राहक सातवाहन राजा हाल, त्याची राजधानी प्रतिष्ठान, म्हणजे आमच्याच मराठवाड्यातील पैठण. त्या गाथांमध्ये नांगरट आहे, तिळाचे आणि सणाचे शेत आहे, परगावी गेलेल्या नवऱ्याची वाट पाहणारी बाई आहे. कोटीभर गाथांमधून सातशे निवडल्या, असे त्या संग्रहातच म्हटले आहे. म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वीच्या राजाला नांगरणाऱ्याच्या घरातली ओळ गोळा करून ठेवावीशी वाटली, आणि त्या ओळीच्या बळावर आज दिल्लीतून दर्जा मिळवणाऱ्या शासनाला ऊस तोडणारीच्या ओळीवर बादल्या ठेवाव्याशा वाटतात. कोटी हा शब्द आपल्याही परिचयाचा आहे. संमेलनाचे शासकीय अनुदान ५० लाखांवरून २ कोटी झाले. आनंद आहे, मंडप चांगला लागतो. नवलेखकाच्या पहिल्या पुस्तकाला शासन अनुदान देते, तेही मी नाकारत नाही. परंतु पुस्तक होण्याआधी माणसाला एक खोली, एक ट्यूबलाइट आणि ऐकणारी दहा माणसे लागतात. त्यासाठी आपल्याकडे लेखाशीर्ष नाही.

अंबाजोगाईला मुकुंदराजांनी ११८८ मध्ये विवेकसिंधू लिहिला, असे आपण भाषणात सांगितलेत. तेथेच दासोपंतांनी कापडावर पासोडी लिहिली आणि त्यांना रोज एका ढब्बूची, म्हणजे त्या जुन्या तांब्याच्या नाण्याची, शाई लागत असे, असे सांगतात. शाईचा तो खर्च आज कोणत्या योजनेत बसवला असता, कोणास ठाऊक. बहुधा दासोपंतांकडे आधी नोंदणी प्रमाणपत्र मागितले गेले असते.

आणि हे केवळ एका खोलीचे नाही, हे आपणही जाणता. १९५३ च्या नागपूर करारात मराठवाड्याला आश्वासने मिळाली. दांडेकर समितीने १९८४ मध्ये रस्ते, सिंचन, शाळा यांचा अनुशेष मोजला. पुढे वैधानिक विकास मंडळ आले आणि त्याची मुदत ३० एप्रिल २०२० रोजी संपली. आमच्याकडे समित्या मोजायला येतात, मंत्री सत्काराला येतात, आणि दोघांचीही गाडी अंधार पडण्यापूर्वी परत निघते. रस्त्याचा अनुशेष किलोमीटरमध्ये मांडता येतो. आमच्या गावातला मुलगा कविता लिहू लागला की त्याला पहिला प्रश्न "पुण्यात कोणी ओळखीचे आहे का?" असा विचारला जातो, हा अनुशेष कोणत्या तक्त्यात भरायचा, ते आपल्या विभागाने कळवावे. ज्या शासनाला स्वतःच्या आदेशातील मराठी शब्द समजत नाही, त्याने भाषेच्या गौरवाचे फलक लावताना निदान अक्षरे लहान ठेवावीत.

मागणी फार मोठी नाही. कक्ष आपणास बादल्यांसाठी हवा असेल तर ठेवावा. परंतु कपाट बाहेर काढण्यासाठी एक दिवस कुलूप उघडावे आणि तसा लेखी आदेश द्यावा, कारण तोंडी आदेशावर चावी देता येत नाही, असे मला सात वेळा सांगण्यात आले आहे. वायरमन मित्राच्या वह्या वरच्या फळीवर आहेत. त्या ओलीतून वाचल्या असतील, अशी मला आशा आहे. कपाट हलवायला माणसे लागणार नाहीत. वाहक, तलाठी आणि गझलवाला मुलगा येतील. सध्या आमची बैठक शनिवारी त्याच इमारतीच्या मागच्या पायऱ्यांवर भरते. काळोख लवकर पडतो म्हणून साडेचारला सुरू करतो.

आपली,
एक सेवानिवृत्त मराठी शिक्षिका

ता. क. : अंगणवाडी सेविकेला आपल्या हस्ते मिळालेले गौरवपत्र सोबत परत पाठवत आहे. त्यावर तिचे नाव नाही, 'सौ.' लावून केवळ तिच्या यजमानांचे नाव आहे, आणि 'साहित्यिक' हा शब्द दोन्ही वेळा चुकला आहे. मी लाल शाईने पाच दुरुस्त्या केल्या आहेत. दुरुस्त प्रत तिच्याच नावाने पाठवावी.