पिवळ्या गोळीविषयी मित्रास पत्र

धरमपेठ, नागपूर

प्रिय श्रीकांत,

सप्रेम नमस्कार, वि. वि.

पुतण्याला सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजारासाठी रोज दिली जाणारी फॉलिक ॲसिडची पिवळी गोळी ‘नुसती रक्तवाढीची’ आहे, तेव्हा ती महिनाभर बंद ठेवली तर चालेल का, असे वहिनींनी विचारल्याचे तू कळवलेस. माझ्या मते तिला डीएनए सांभाळणारी गोळी म्हणणे अधिक योग्य आहे, आणि डॉक्टरांना विचारल्यावाचून ती बंद करू नये.

डीएनएच्या चार घटकांपैकी थायमिन पेशीत तयार होते ते युरॅसिल या त्याच्याशी मिळत्याजुळत्या घटकाला एक मिथाइल गट (कार्बनचा एक छोटा तुकडा) जोडून, आणि त्यासाठी लागणारा कार्बन फोलेट पुरवते; गोळीतले फॉलिक ॲसिड हे फोलेटचेच एक रूप. फोलेट कमी पडले की युरॅसिल साचते, आणि डीएनएची प्रत काढणारे एन्झाइम या दोहोंत फरक करत नसल्यामुळे थायमिनच्या जागी खुशाल युरॅसिल बसवते. दुरुस्ती करणारे एन्झाइम ते हुडकून काढून टाकते खरे, परंतु रिकाम्या जागी भरायला पुन्हा युरॅसिलच हाताशी असते. पावसाळ्यात मुरुमाने बुजवलेला आपल्याकडचा खड्डा आठवडाभरात पुन्हा उघडा पडावा, तशी ही दुरुस्ती. त्यातच अशा दुरुस्तीसाठी डीएनएच्या समोरासमोरच्या दोन धाग्यांवर एकमेकांजवळ काप पडले, तर गुणसूत्रच तुटते. 1997 साली ब्लाउंट, एम्स या संशोधकांना आणि त्यांच्या सहकाऱ्यांना फोलेटची उणीव असलेल्या माणसांत एकेका पेशीच्या डीएनएमध्ये सुमारे 40 लाख युरॅसिल आढळले. फॉलिक ॲसिड दिल्यावर ते कमी झाले आणि गुणसूत्रे तुटण्याच्या खुणाही घटल्या.

आता पुतण्याचे पाहा. निरोगी तांबडी पेशी सुमारे 120 दिवस जगते, सिकलसेलच्या रुग्णाची जेमतेम 10 ते 20 दिवस. ही तूट भरून काढण्यासाठी त्याच्या अस्थिमज्जेत पेशींचे विभाजन अखंड चालू असते, आणि प्रत्येक विभाजनापूर्वी संपूर्ण डीएनएची नवी प्रत काढावी लागते. फोलेट तिथेच खर्ची पडते.

या शोधाची सुरुवात आपल्याच राज्यातली आहे. ल्युसी विल्स या इंग्रज डॉक्टरीणबाईंनी मुंबईत गिरणी कामगार गर्भवतींचा रक्तक्षय यीस्टच्या अर्काने बरा होतो, हे 1931 मध्ये प्रसिद्ध केले. त्या अर्कातला गुणकारी घटक फोलेटच होता, हे पुढे कळले. एम्प्रेस मिल या कापडगिरणीच्या नागपुरात वाढलेल्या आपल्याला हे शाळेत कोणी सांगितले नाही, याचे मला राहून राहून नवल वाटते.

एक गोष्ट मात्र डॉक्टरांकडे आवर्जून काढ. तुमचे घर शाकाहारी आहे, म्हणून बी-12 जीवनसत्त्व तपासून घ्यावे. ते कमी असताना केवळ फॉलिक ॲसिड घेतल्यास रक्तक्षय सुधारलेला दिसतो आणि नसांची हानी आतल्या आत चालूच राहते.

आहाराबद्दल वहिनींना फारसे सांगण्यासारखे नाही. पालक, मेथी, हरभरा, तूर यांत फोलेट असते, पण ते उष्णतेने घटते आणि पाण्यात उतरते. म्हणून पालक उकडून पाणी ओतून देण्यापेक्षा आपली डाळ घातलेली पातळभाजीच बरी, कारण तिचे पाणी ताटातच येते. अर्थात तिच्या भरवशावर गोळी सोडायची नाही.

बी-12 चा रिपोर्ट आला की कळव. वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
अविनाश