मनूचं कॉलेज ठरलंय, आधी पूर्ण वाचा मग फोन करा

ती. आई-बाबा,
सा. न.

फोनवर सांगायला घेतलं की बाबा "थांब, आईकडे देतो" म्हणतात आणि आई लगेच डोळ्याला पदर लावते, म्हणून लिहूनच पाठवतेय. मोठं झालंय, चष्मा लावून सावकाश वाचा.

मनूची ॲडमिशन झाली. अमेरिकेत, पेनसिल्व्हेनियातल्या एका छोट्या कॉलेजात. ऑगस्टमध्ये जायचंय. डिसेंबरच्या मध्यावर मेल आला, आम्ही हो कळवलं, डिपॉझिट पण भरून झालं. अर्ज करतानाच लिहून द्यावं लागतं की तुम्ही घेतलंत तर आम्ही येणारच, त्यामुळे बघू, विचार करू असं आता राहिलेलं नाहीये. मनूवर चिडू नका हं. तिला मीच गप्प बसवलं होतं, आईच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन तोंडावर होतं, त्यात अजून हे टेन्शन कशाला.

बाबा, तुमचं म्हणणं मला पाठ आहे. नाशिकच्या केटीएचएम कॉलेजला घाला, धावण्यात युनिव्हर्सिटी टीममध्ये येईल, पुढे सरकारी नोकरीत खेळाडूंचं 5 टक्के आरक्षण आहेच. चुकीचं नाहीये ते. पण त्या 5 टक्क्यांसाठीसुद्धा मेडल लागतं, नुसतं खेळून भागत नाही, आणि तेवढ्यासाठी पोरीने बायोलॉजी बाजूला ठेवायची हे मला पटेना. बारावीत खेळ की अभ्यास, हा प्रश्न आपल्या घरात एकदा येऊन गेलाय. माझ्या खो-खोचं मी काढत नाहीये, तुमच्या जागी तुम्ही बरोबरच होतात, दादाचं ते सगळं चालू होतं तेव्हा. पण मनूला दोन्ही मिळतंय तर मिळू दे ना.

आता पैशाचं, कारण आईचा पहिला प्रश्न तोच असणार. तिकडे कॉलेजच्या खेळांचे तीन डिव्हिजन असतात. पहिल्यात त्या मोठ्या, टीव्हीवर दिसणाऱ्या टीम. तो कन्सल्टंट आठवतो का, फुल स्कॉलरशिप पक्की म्हणून आपल्याकडून पैसे घेतलेला? फुल फार थोड्यांना मिळते, धावण्यात तर बऱ्याचदा तुकडे करून चार-पाच जणींत वाटतात, आणि बऱ्याच ठिकाणी ती एकेका वर्षाची असते. मनूचं कॉलेज तिसऱ्या डिव्हिजनमधलं. तिथे खेळासाठी स्कॉलरशिप देतच नाहीत, नियमच आहे तसा. तुम्ही म्हणाल मग उपयोग काय. अहो तोच तर उपयोग आहे! तिला फीमध्ये जी मदत मिळालीय ती आमचं उत्पन्न बघून, पायाकडे बघून नाही. नळीच्या हाडाला स्ट्रेस फ्रॅक्चर झालं तेव्हा दीड महिना ती भिंतीकडे तोंड करून पडून होती, आठवतंय ना? तसं पुन्हा झालं, किंवा तिलाच उद्या धावायचा कंटाळा आला, तरी तिचं शिक्षण थांबणार नाही. मी सगळ्यात जास्त हेच बघितलं. उरलेली फी आमची आम्ही बघतोय, तुमच्या एफडीला हात लावायचा नाही, हे शेवटचं सांगते.

मग धावण्यामुळे काय झालं? तर दार उघडलं. परदेशी मुलांनी फीसाठी मदत मागितली की तिथल्या बऱ्याच कॉलेजांत घेण्याची शक्यताच कमी होते. मनूचे मार्क चांगले आहेत, पण चांगल्या मार्कांची मुलं ढिगाने असतात. तिथे कॉलेजच्या कोचचा शब्द कामी येतो. म्हणजे कोच ॲडमिशन देत नाही, पण ही मुलगी मला टीममध्ये हवीय असं ऑफिसला सांगू शकतो. त्याने आधी टायमिंग मागितलं, मग लगेच दहावी-अकरावीचे मार्क, ते ॲडमिशनवाल्यांना दाखवून घेतले आणि मगच पुढे बोलला. आणि बाबा, त्याने विचारलं की आतापर्यंत ट्रेनिंग कसं झालंय. मी तुमच्या वहीचे फोटो पाठवले. ती लाल पुठ्ठ्याची, प्रत्येक पानावर तारीख, राउंड, वारा कुठून होता ते, आणि खाली "आज चेहरा पडलेला" वगैरे तुमचे शेरे. त्याला मराठी कुठून कळणार, मनूने व्हिडिओ कॉलवर वाचून दाखवलं, शेरे सुद्धा. तो म्हणाला, तुझ्या आजोबांना थँक्यू सांग. तर सांगितलं.

तिकडचं राहणं हॉस्टेलमध्येच, कॅम्पसवर, दोघींत एक रूम. मेसमध्ये भात, अंडी, दही, फळं सगळं असतं, आपली आमटी तेवढी नाही मिळणार. आई, तुझं नाचणीचं सत्त्व आणि शेंगदाण्याचे लाडू देऊ बरोबर, पण चार डबे नको, विमानात वजन मोजतात. टीमला स्वतःचा फिजिओ असतो, सीझनमध्ये आठवड्यातून एक दिवस पूर्ण सुट्टी द्यावीच लागते. पहिल्या डिव्हिजनमध्ये आठवड्याला 20 तासांची मर्यादा म्हणतात, पण रेसचा अख्खा दिवस गेला तरी हिशोबात 3 तासच धरतात आणि प्रवास तर मोजतच नाहीत, त्या मुलींना अभ्यासाला वेळ कुठून मिळतो कोण जाणे. हिच्या कोचने स्वतः सांगितलंय की लॅब आणि प्रॅक्टिस एका वेळी आली तर लॅबला जायचं. हिवाळ्यात बर्फ पडतो, तेव्हा आत छताखालच्या ट्रॅकवर पळतात. तेव्हा आई, थंडीने गारठेल म्हणून आत्तापासून रडायचं नाही.

बाबा, तुमच्या सोबतीने पहाटे भोसला मिलिटरी स्कूलच्या ग्राउंडवर जाणारं कोणी राहणार नाही हे मला कळतंय. मला पण तुम्ही असंच सायकलच्या दांड्यावर बसवून न्यायचात, थंडी वाजली की तुमच्या स्वेटरच्या बाहीत माझे दोन्ही हात कोंबायचात, त्या स्वेटरला विडीचा वास यायचा आणि मला तो आवडायचा. (आईला हे माहीत नव्हतं बहुतेक. जाऊ दे, आता विडी सुटली.) कविता राऊतचं 2010 च्या कॉमनवेल्थचं ब्राँझ पेपरात आलं तेव्हा ते कात्रण तुम्ही फ्रिजवर लावलं होतंत, मनू तेव्हा अगदी लहान होती. हे सगळं तिथूनच आलंय बाबा. घर रिकामं करायला नाही निघालो आम्ही.

पण आता ऐका. निफाडचा पारा घसरल्याच्या बातम्या रोज येतायत, तर अंधारात स्कूटर काढायची नाही. ऊन आल्यावर चाला, जॉगिंग ट्रॅकवर, कुंभाच्या खोदकामाच्या रस्त्यांनी नको. बीपीची गोळी नाश्त्याआधी, चिवडा खाऊन नाही. आईचे ड्रॉप्स संपत आले असतील, नवीन बाटली आणा. स्वयंपाकाच्या मावशींना जूनपासून दोन्ही वेळ यायला सांगितलंय, पैसे मी देतेय, त्यांच्याशी घासाघीस करू नका. आणि पावसाळ्यात ठाण्याला या राहायला. कायमचं नाही म्हणत, घाबरू नका, चार महिने.

ती गेल्यावर रात्री आठला व्हिडिओ कॉल करायचा, तेव्हा तिकडे सकाळचे साडेदहा असतात, थंडीत साडेनऊ. फेब्रुवारीत बोर्डाची परीक्षा आहे, तोपर्यंत तिच्यासमोर हा विषय नको.

रविवारी येतोच आहोत. काय बोलायचं ते मला बोला.

तुमची,
ताई

ता. क. मनूचं दहावीचं ओरिजिनल मार्कशीट कपाटाच्या लॉकरमध्ये आहे, व्हिसाच्या वेळी लागेल. बाबा, प्लीज, ते लॅमिनेट करून आणू नका.