वादक बेसूर नव्हते

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारी चौकात झालेल्या ब्रास बँडच्या कार्यक्रमाची बातमी कालच्या अंकात वाचली. ‘काही वादक बेसूर वाटले, तालमीची कमतरता जाणवली’ हे वाक्य वाचल्यापासून माझं कशात लक्ष लागलेलं नाही. माझा धाकटा भाऊ त्या शंभर वादकांत कॉर्नेट, म्हणजे ट्रम्पेटसारखं आखूड पितळी वाद्य, वाजवत होता. लग्नसराईच्या सुपाऱ्या सांभाळून ही माणसं तीन आठवडे रात्री वरात संपवून एका गोदामात शटर ओढून तालीम करत होती. आपल्या वार्ताहराने त्यांच्यापैकी एकाशी जरी बोलून घेतलं असतं, तरी हे वाक्य छापलं गेलं नसतं.

मी साडेतीनपासून तिथे उभी होते, म्हणून काय झालं ते सांगते. कार्यक्रम साडेचारचा. वादकांना साडेतीनलाच पायऱ्यांवर बसवलं. मांडव होता, पण पाहुण्यांच्या खुर्च्यांवर. एप्रिलचं ऊन, अंगात गळ्यापर्यंत बटणं लावलेले जाड लाल कोट. भावाने कॉर्नेट मांडीवर टेकवलं, तर पँटमधून चटका बसला. पाहुणे आले पावणेसहाला आणि पहिला सूर लागला सहाला.

वाद्यातली हवा तापली की सूर चढतो. दहा अंशांनी तापली, तर पेटीवरच्या लगतच्या दोन पट्ट्यांत जेवढं अंतर असतं त्याच्या जवळपास तिसऱ्या हिश्श्याने चढतो. हे कुठल्याही बँडवाल्याला माहीत असतं, म्हणून तो वाजवायच्या आधी ट्यूनिंगची नळी जरा बाहेर ओढून सूर उतरवून घेतो. त्याला दोन मिनिटं लागतात. बँडमास्तरांनी ती दोन मिनिटं मागितली. गळ्यात ओळखपत्र अडकवलेल्या एका मुलाने त्यांना सांगितलं, “लाइव्ह सुरू झालंय, आता थांबता येणार नाही.” वर आयोजकांनी कोणाला न विचारता कीबोर्ड आणि आधीच रेकॉर्ड केलेला ट्रॅक स्पीकरवर लावून ठेवला होता. कीबोर्डचा सूर उन्हाने हलत नाही. शंभर वाद्यं वर चढलेली आणि स्पीकर आपल्या जागी. मग बेसूर कोण ऐकू येणार? शंभर माणसांच्या फुंकीला त्या चौकात मुळात स्पीकर लागतोच कशाला?

मध्येच सत्कार सुरू झाले. पन्नास मिनिटं! तोवर ऊन गेलं, वाद्यं निवली, ओठ आखडले आणि सूर उतरला. पुन्हा जुळवून घ्यायला वेळ नाही, थेट पुढचं गाणं. ‘उत्तरार्धात रंगत कमी झाली’ असं आपण लिहिलंत ते याच वेळचं.

तालाचंही तसंच. पायऱ्यांच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पस्तीसेक मीटर अंतर होतं. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो, म्हणजे एका टोकाचा ठोका दुसऱ्या टोकाला सेकंदाच्या दहाव्या भागाने उशिरा पोचतो. इतक्या लांबवर बसलेल्यांनी कानावर वाजवलं तर गाडी घसरणारच, त्यांनी मास्तरांच्या छडीकडेच बघायला हवं. आणि मास्तरांच्या डाव्या हाताला आयोजकांनी फुलांची कमान उभी केली होती! साइड ड्रमवाल्यांना छडीच दिसत नव्हती. पत्रकात ‘दिल्लीच्या विजय चौकाच्या धर्तीवर’ असं छापलं होतं. तिथे २९ जानेवारीला, ऐन थंडीत, ‘बीटिंग रिट्रीट’च्या सोहळ्याला सेनादलांचे बँड एकत्र येतात आणि सगळ्यांच्या नजरा एका संचालकाच्या हाताकडे असतात. त्या धर्तीतलं इथे नक्की काय घेतलं?

माझे वडील ३१ वर्षं युफोनियम, म्हणजे खालच्या सुरांचं मोठं पितळी वाद्य, वाजवायचे. वाद्य मेरठहून, तिथल्या बँडच्या वाद्यांच्या बाजारातून, जाळी कोठीतून आलेलं. अनंत चतुर्दशीला आई आम्हाला बेलबाग चौकात एका ओळखीच्यांच्या गॅलरीत नेऊन बसवायची. मी आठवीत असतानाची मिरवणूक अजून डोळ्यांपुढे आहे. मंडईकडून बँड चौकात आला. मास्तरांनी हात वर केला आणि सगळे वादक त्यांच्याभोवती गोल करून उभे राहिले, दाटीवाटीने, खांद्याला खांदा लावून. वडिलांनी कमरेचा पंचा सोडून पोलिसांसाठी ठेवलेल्या पिंपातल्या पाण्यात बुडवला आणि युफोनियमवर पसरला. तसाच ओला पंचा त्यांनी शेजारच्या ट्रॉम्बोनवाल्यालाही दिला. मग एकाने सूर दिला, बाकीच्यांनी हळूच जुळवून घेतला. तेवढा वेळ पुढचा-मागचा कोणीही ओरडला नाही. नाट्यपद सुरू झालं. चारी बाजूंच्या वाड्यांच्या भिंतींवरून सूर परत येत होता. स्पीकर नव्हता, तरी गॅलरीत आम्हाला क्लॅरिनेटची एकेक हरकत ऐकू येत होती. वडिलांचा तो खालचा भरदार सूर मला छातीत जाणवत होता. रात्री ते घरी आले तेव्हा वरच्या ओठावर माउथपीसचा लाल गोल वळ उमटलेला होता. आईने त्यावर तूप लावलं.

रविवारी भाऊ घरी आला तेव्हा त्याच्या ओठावरही तसाच वळ होता, पण तो जेवला नाही. “ताई, लोक हसत होते गं,” एवढंच म्हणाला.

अशा कार्यक्रमाला मोठा खर्च लागत नाही. वादकांच्या डोक्यावर सावली हवी, पाठीमागे भिंत हवी. रविवारी पाठीमागे मोकळा रस्ता होता, अर्धा आवाज तिकडेच गेला. इंग्रजांनी बागांमधून बँडस्टँड बांधले, मुंबईत कूपरेजच्या बागेतला १८६७ सालचा अजून उभा आहे. त्याचं छप्पर वादकांना सावली देतं आणि आवाज खाली श्रोत्यांकडे वळवतं. बँडमास्तरला पहिल्या बैठकीपासून बरोबर घेतलं असतं, तर हे सगळं त्यानेच सांगितलं असतं. त्याला आदल्या दिवशी फक्त वेळ कळवली होती.

आणखी एक गोष्ट इथेच सांगते, कारण ती कोणी लिहिणार नाही. चौकातलं सार्वजनिक स्वच्छतागृह त्या दिवशी कुलूपबंद होतं. चावी कोणाकडे आहे ते पोलिसांनाही सांगता आलं नाही. शंभर माणसं साडेतीन ते साडेआठ तिथे बसली होती, त्यातले कित्येक साठीच्या पुढचे. भावाने सांगितलं की, म्हणून कोणी पाणीच पीत नव्हतं. पाणी न पिता त्या उन्हात तासन् तास फुंकणं म्हणजे काय, याचा विचार एकाही आयोजकाने केला नाही.

आपल्या बातमीत सतरा पाहुण्यांची नावं आहेत, मी मोजली. बँडमास्तरांचं नाव नाही. आपण ते विचारून घ्यावं आणि ‘बेसूर’ या शब्दाबद्दल खुलासा छापावा, ही विनंती. फोटोखालच्या ओळीतही चूक आहे. पहिल्या रांगेतल्या पांढऱ्या मिशांच्या गृहस्थांच्या हातात ट्रम्पेट नाही, युफोनियम आहे.

आपली,
एक वाचक, नारायण पेठ, पुणे