महिन्यातून एक दुपार : आपलं संग्रहालय आणि कलादालन उघडं ठेवण्यासाठी आवाहन

सप्रेम नमस्कार.

पावसाची सर आली की किनाऱ्यावर फिरणारी माणसं आडोसा शोधत वर येतात. आपल्या संग्रहालयाच्या पायऱ्या चढतात, दाराला कुलूप बघतात आणि पागोळ्या थांबेपर्यंत वळचणीला उभी राहतात. त्यांच्यापासून जेमतेम दहा पावलांवर, भिंतीच्या पलीकडे, जुन्या दीपगृहाचं भिंग अंधारात बसलेलं असतं. समितीतल्या आम्ही सगळ्यांनी हे इतक्या वेळा पाहिलं आहे की आता बघवत नाही. म्हणून हे आवाहन.

आम्हाला पैसेही हवे आहेत, त्याबद्दल पुढे सांगतो. पण सगळ्यात आधी हवा आहे तुमचा वेळ. महिन्यातून एक दुपार.

सध्या संग्रहालय आणि त्याला लागून असलेलं कलादालन आठवड्यातून दोनच दिवस उघडतं, तेही सकाळी. नोकरदार माणसाला त्या वेळी येता येत नाही, शाळेतल्या मुलांना नाही, आणि बाहेरून आलेला माणूस तर सकाळी समुद्रावरच असतो. ज्या वेळी लोकांना यावंसं वाटतं, नेमकी त्याच वेळी आपली दारं बंद. पगारी माणूस ठेवण्याइतकं आपलं उत्पन्न नाही आणि लवकरच होईल असं खोटं आश्वासन आम्ही देणार नाही. दार उघडून बसायला दोन माणसं मिळाली तर दुपार उघडी राहील. एवढा साधा हा प्रश्न आहे.

तुम्ही म्हणाल, आम्हाला चित्रातलं काय कळतं, इतिहासातलं काय कळतं? कळायची गरज नाही. आलेल्याचं स्वागत करायचं, नोंदवहीत सही घ्यायची, ओल्या छत्र्या आणि रेनकोट दाराशीच ठेवायला सांगायचं, आर्द्रतामापकावरचा आकडा दोनदा लिहून ठेवायचा. जलरंगांच्या खोलीतले दिवे कोणी आत असेल तेव्हाच लावायचे. हे शेवटचं काम किरकोळ वाटतं, पण त्याला कारण आहे. कागदावरची चित्रं आणि कापड यांना साधारण ५० लक्स (लक्स हे उजेड मोजण्याचं माप) इतकाच मंद उजेड चालतो असा संग्रहालयांचा रूढ नियम आहे, आणि उजेडाने झालेली हानी साठत जाते. एकदा उडालेला रंग अंधारात ठेवला म्हणून परत येत नाही. तेव्हा रिकाम्या खोलीत जळत राहिलेला दिवा म्हणजे चित्राच्या आयुष्यातून वजा झालेले तास.

आणि दीपगृहाच्या भिंगाच्या खोलीतला पडदा. त्याबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण आपल्याकडची सगळ्यात सुंदर वस्तू तीच आहे आणि शहरातल्या अर्ध्या लोकांनी ती पाहिलेली नाही.

पूर्वी दीपगृहातल्या दिव्याचा बराचसा उजेड वर आकाशात आणि खाली खडकांवर वाया जायचा. तो गोळा करायचा तर प्रचंड मोठं भिंग हवं, आणि एवढं जाड भिंग अतोनात जड. शिवाय त्या जाडीतच उजेड अडणार. ओग्युस्तँ फ्रेनेल या फ्रेंच अभियंत्याने भिंगाचा फक्त वाकडा पृष्ठभाग ठेवला, आतली बिनकामाची काच वगळली आणि एकात एक अशा कड्यांची रचना केली. १८२३ साली फ्रान्समधल्या कोर्दुआँच्या दीपगृहावर असं भिंग पहिल्यांदा लागलं. पुढे त्याला वर आणि खाली लोलकांच्या ओळी जोडल्या गेल्या. मधे ज्योत साधी तेलाची, पण तिचा उजेड वळून सपाट पट्ट्यासारखा क्षितिजाकडे जाई आणि कित्येक मैलांवरच्या तांडेलाला दिसे. आपल्याकडचं भिंग याच घराण्यातलं. त्याच्यासमोर उभं राहिलं की समोरची खिडकी कड्याकड्यांत तुटून उलटी दिसते. लहान मुलं तिथून हलत नाहीत.

पण दिवसा हेच भिंग उलटं काम करतं. खिडकीतून आलेलं ऊन ते एका ठिपक्यात गोळा करतं, आणि त्या ठिपक्यावर काही असेल तर ते पेटू शकतं. म्हणून दीपगृहाचे राखणदार सकाळी दिवा विझवला की पडदे ओढून घेत. आपल्या खोलीला पश्चिमेची खिडकी आहे. दुपारी ऊन आत येण्याआधी कोणीतरी उठून पडदा ओढायला हवा. हे तुमचं काम असेल. दीपगृहाच्या राखणदाराचंच काम, खरं तर.

अशा गोष्टी लहान गावांत लोकांनीच उभ्या केल्या आहेत. डेन्मार्कच्या उत्तर टोकाला स्कागेन नावाचं मासेमारीचं गाव आहे. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी तिथे चित्रकार येऊन राहू लागले आणि कोळी, होड्या, वाळू, संध्याकाळचा निळा उजेड असं सगळं रंगवू लागले. त्यांतली आना आंकर ही तर गावातलीच, हॉटेलवाल्याची मुलगी. १९०८ साली त्याच हॉटेलच्या जेवणघरात संग्रहालयाची स्थापना झाली. स्थापन करणाऱ्यांत चित्रकार होते, तसाच गावचा औषधविक्रेता होता आणि हॉटेलचा मालकही होता. स्वतःची इमारत उभी राहायला १९२८ उजाडलं. तिला जागा मिळाली ती त्या हॉटेलच्या जुन्या बागेतली. मधली वीस वर्षं त्यांनी चिकाटीने काढली. आज स्कागेनला माणसं चित्रं बघायला म्हणून जातात. औषधविक्रेता हा शब्द वाचला की मला नेहमी आपल्या बाजारपेठेतली माणसं डोळ्यांसमोर येतात. तुम्हीच आहात ते.

कलादालनाबद्दल एक वेगळी विनंती. आपल्या दोन खोल्यांपैकी एका खोलीच्या भिंती आम्ही इथे राहणाऱ्यांसाठी मोकळ्या ठेवल्या आहेत आणि त्या निम्म्या रिकाम्या आहेत. आपण कुठे चित्रकार, असं म्हणून लोक मागे सरतात. इंग्लंडच्या कॉर्नवॉल किनाऱ्यावरच्या सेंट आइव्हज गावातल्या आल्फ्रेड वॉलिस यांची गोष्ट त्यांना सांगावीशी वाटते. आयुष्य समुद्रावर आणि नंतर जहाजांचं भंगार विकण्यात गेलं. बायको वारल्यावर, सत्तरीच्या आसपास, त्यांनी चित्रं काढायला घेतली. शिक्षण नाही, कॅनव्हास नाही. खोक्यांचे फाडलेले पुठ्ठे आणि होड्यांना लावायचा रंग, एवढंच सामान. पुठ्ठा तिरका फाटला असेल तर चित्रही त्या तिरक्या आकारात बसवायचं. १९२८ मध्ये दोन तरुण चित्रकार, बेन निकल्सन आणि क्रिस्टोफर वुड, त्यांच्या उघड्या दारावरून जात होते, आतली चित्रं दिसली आणि ते थबकले. दार उघडं होतं म्हणून दिसली. त्याच गावात १९९३ साली जुन्या गॅसकारखान्याच्या जागेवर टेट या मोठ्या संस्थेचं कलादालन उघडलं.

होडीवर नाव रंगवणारे, शिडं शिवणारे, लाकडाची छोटी जहाजं बनवणारे, वहीच्या मागच्या पानावर बंदराची रेखाटनं करणारे आपल्याकडे आहेत. त्यांची कामं आणून द्या. फ्रेमची व्यवस्था आम्ही करू.

बघायला या, ही विनंती तर आहेच. फक्त धावत येऊ नका. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात लोक एका कलाकृतीसमोर किती वेळ थांबतात याचा अभ्यास २००१ साली प्रसिद्ध झाला. सरासरी निघाली २७ सेकंद, त्यातही पाटी वाचण्याचा वेळ धरून. मोठ्या संग्रहालयात माणूस करणार तरी काय, पुढे शेकडो चित्रं उभी असतात. आपलं तसं नाही. आपल्याकडे इतकं थोडं आहे की एका तासात पाच वस्तूंसमोर निवांत बसता येतं. खुर्च्या ठेवल्या आहेत, उचलून हव्या त्या चित्रासमोर न्या. रेखाटन करायचं असेल तर जरूर करा, मात्र पेन्सिलीनेच. शाईचं पेन खोलीत चालत नाही.

आता पैशांचं.

समुद्र जवळ असणं हे आपल्या संग्रहालयाचं भाग्य आहे आणि दुखणंही. खारा वारा फटींतून आत येतो आणि मिठाचे सूक्ष्म कण प्रत्येक वस्तूवर बसतात. हवेतली आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ ओल धरून पाझरतं आणि मातीच्या भांड्याच्या, दगडाच्या, भिंतीच्या छिद्रांत शिरतं. हवा कोरडी झाली की तिथेच त्याचे खडे होतात, फुगतात आणि वरचा पापुद्रा उडवतात. पुन्हा ओल, पुन्हा खडे. संग्रहालयातल्या जुन्या घड्याच्या पायाशी जी लाल भुकटी पडलेली दिसते ती झाडण्यातला आळस नाही, तो घडाच आहे. लोखंडी नांगराचंही तसंच. वर्षानुवर्षं समुद्रात राहिलेल्या लोखंडाच्या आत क्षार मुरलेले असतात. वरून कितीही रंग द्या, आतून गंज चालूच राहतो. समुद्रातून काढलेली वस्तू वाळली म्हणजे वाचली असं नसतं. १६२८ साली बुडालेलं स्वीडनचं ‘वासा’ हे जहाज १९६१ मध्ये वर काढलं, तर त्याचं लाकूड आक्रसून तडकू नये म्हणून त्यावर १७ वर्षं रसायनाचा फवारा मारावा लागला.

आपल्याला एवढं मोठं काही करायचं नाही. खिडक्यांच्या फटी बुजवायच्या आहेत. दोन खोल्यांत हवेतली ओल शोषणारी यंत्रं बसवायची आहेत, कारण आर्द्रता ६५–७० टक्क्यांच्या वर सतत राहिली की कागदावर बुरशी धरते आणि पावसाळ्यात ती त्याच्या कितीतरी वर असते. काचपेट्यांची रबरं बदलायची आहेत. जुने नकाशे आणि फोटो आम्लविरहित कागदात आणि खोक्यांत हलवायचे आहेत; सध्या ते साध्या पुठ्ठ्यात आहेत आणि पुठ्ठ्यातलं आम्ल त्यांना पिवळं करत आहे. छपराची पश्चिमेकडची बाजू या पावसाआधी शाकारायला हवी. हे शेवटचं काम सगळ्यात तातडीचं आहे. छप्पर गळलं तर बाकी सगळं व्यर्थ.

रक्कम कितीही असो, चालेल. पावती मिळेल. जमा आणि खर्चाचा हिशेब दर महिन्याच्या पहिल्या दिवशी संग्रहालयाच्या दाराशी फळ्यावर लावला जाईल, देणाऱ्याची इच्छा नसेल तर नावाशिवाय. कोणाला पैशांऐवजी काम द्यायचं असेल, म्हणजे सुतारकाम, वायरिंग, छपराचं काम, तर आम्हाला ते पैशांइतकंच मोलाचं आहे.

एक मागणी राहिली. ती सगळ्यात सोपी आहे आणि तिला उशीर मात्र चालणार नाही. आपल्याकडे खोकी भरून फोटो आहेत ज्यांतल्या माणसांची नावं कोणालाच माहीत नाहीत. बंदरावर ओळीने बसून जाळी सांधणारी माणसं, नव्या होडीभोवती जमलेलं अख्खं कुटुंब, वादळानंतर मोडक्या धक्क्यावर उभी असलेली मुलं. ती मुलं आज ऐंशीच्या पुढची असतील. ही नावं आणखी दहा वर्षांनी विचारून उपयोग नाही.

पुण्याचं राजा दिनकर केळकर संग्रहालय अनेकांनी पाहिलं असेल. दिनकर केळकरांनी लहानपणीच गेलेल्या आपल्या मुलाच्या आठवणीत दिवे, अडकित्ते, दौती, भांडी अशा घराघरांतल्या वस्तू आयुष्यभर जमवल्या आणि पुढे सगळा संग्रह राज्य शासनाच्या स्वाधीन केला. राजवाड्यातलंच जपावं असं त्यांना वाटलं नाही. आपल्या माळ्यावरही असं काही पडलेलं असेल: होकायंत्र, जाळ्याचे शिशाचे गोळे, कंदील, भरती-ओहोटीच्या नोंदी लिहिलेली वही. द्यायचं नसेल तर फोटो काढण्यापुरतं आणा, त्याच दिवशी परत घेऊन जा. दिलंत तर कोणाच्या घरातून आलं, कोण वापरत होतं, हे पाटीवर लिहिलं जाईल. वस्तूइतकीच ती ओळ आम्हाला हवी आहे.

येत्या चार रविवारी सकाळी दहापासून दिवेलागणीपर्यंत संग्रहालय उघडं राहील. मधल्या खोलीत टेबलांवर फोटो मांडलेले असतील, शेजारी कागद आणि पेन्सिली. दुपारच्या पाळ्यांसाठी नावं तिथेच लिहून घेऊ. घरातल्या वडीलधाऱ्यांना घेऊन या. पायऱ्या चढवत नसतील तर खाली निरोप द्या, आमच्यातलं कोणी खोकं घेऊन त्यांच्यापाशी येईल. चष्मा आठवणीने आणा.

आणि जे काही आणाल ते आहे तसंच आणा. पितळ घासू नका, गंज खरवडू नका, फाटलेल्या कागदाला चिकटपट्टी लावू नका, आणि फोटोच्या मागे पेनाने काही लिहू नका.

आपली,
संग्रहालय व कलादालन समिती