सोन्याची घड्याळं मुशीत घालण्याआधी

मा. संपादक,
सोन्याचा भाव कडाडल्यापासून आमच्या भागात आजोबांची सोन्याची मनगटी घड्याळंही मोडीत निघू लागली आहेत. दारव्ह्यात माझं घड्याळदुरुस्तीचं दुकान आहे, आणि जुन्या क्रोनोग्राफचा, म्हणजे स्टॉपवॉचची सोय असलेल्या घड्याळांचा, मला नाद. कापसाचा चुकारा अडकला म्हणून एका शेतकऱ्याने असंच एक घड्याळ विकलं. सराफाने केस, म्हणजे बाहेरचं सोन्याचं कवच, ठेवून घेतली, मशीन पिशवीत घालून परत दिलं. बघतो तर लँडेरॉन ४८, क्रोनोग्राफचं स्विस मशीन! वरची कळ दाबली की मधला सेकंदकाटा धावतो. थांबवायचा आणि शून्यावर आणायचा तो मात्र खालच्या कळीने. वरचीच कळ पुन्हा पुन्हा दाबून ‘हे तर बिघडलंय’ म्हणणारे खूप भेटतात.

डायलवर ‘क्रोनोग्राफ स्विस’ लिहिलेल्या अनेक घड्याळांच्या केसचा सोन्याचा पत्रा अगदी पातळ असतो. मागे ०.७५० चा छाप, म्हणजे १८ कॅरेट खरं. पण वजनाला हाती फारसं काही लागत नाही. मशीन, काटे, डायल सगळं एकत्र असेल तरच संग्राहक विचारतो.

सराफ मंडळींनी केस उघडण्याआधी एखाद्या जाणत्या घड्याळजीला बोलवावं. आणि घरच्यांनी कृपा करून डायल नव्याने रंगवून घेऊ नये. डाग पडलेली का असेना, मूळ डायललाच मान आहे. केसला पॉलिशही नको, छाप झिजतात.

– एक घड्याळजी, दारव्हा, जि. यवतमाळ