यात्रेची तारीख पंचांगात असते, मग आदेश आदल्या संध्याकाळी का?

मा. गृहमंत्री,
महाराष्ट्र राज्य, यांस

सविनय नमस्कार.

साहेब, मी वाई तालुक्यातली महिला होमगार्ड. ऑक्टोबर 2024 मध्ये सरकारने आमचा कर्तव्य भत्ता दिवसाला 570 वरून 1083 रुपये केला, त्याबद्दल मनापासून आभार. हे पत्र पैशांसाठी नाही. यात्रा आणि वारीच्या बंदोबस्ताचा आदेश आम्हाला निदान महिनाभर आधी मिळावा आणि एक दिवस आधी ती जागा आम्हाला पायी फिरवून दाखवावी, एवढंच मागणं आहे.

मांढरदेवीच्या काळूबाईची मोठी यात्रा पौष पौर्णिमेला भरते. माउलींची पालखी नीरा ओलांडून जिल्ह्यात येते आणि लोणंद, तरडगाव, फलटण, बरड अशी पुढे जाते. या तारखा सगळ्यांना वर्षभर आधी माहीत असतात. आम्हाला मात्र कित्येकदा आदल्या संध्याकाळी निरोप येतो. आमच्यातलं कुणी शिरवळच्या कारखान्यात पाळीला जातं, कुणी रोजाने भांगलायला. होमगार्ड ही नोकरी नव्हे, मानसेवी काम आहे. बंदोबस्त लागेल त्याच दिवसाचा भत्ता मिळतो. रात्री आठला सुट्टी मागितली तर कुठला सुपरवायझर देईल? तीन वर्षांच्या सेवेनंतर पोलीस भरतीत 5 टक्के आरक्षण मिळतं, त्या आशेने आलेल्या मुली गैरहजेरीच्या धास्तीने हातचा रोजगार सोडून येतात. बाकीचे येऊच शकत नाहीत, आणि त्यांत बरेचदा तिथली वाट न् वाट माहीत असलेली माणसं असतात.

25 जानेवारी 2005 ला मांढरदेवीच्या यात्रेत चेंगराचेंगरी होऊन जवळपास 300 भाविकांचा जीव गेला. नारळाच्या पाण्याने पायऱ्या निसरड्या झालेल्या, दोन्ही अंगांना दुकानं, अरुंद वाटेत माणसांची दाटी. पडलेल्याला उठायलाही जागा नव्हती. पुढे आग लागली, सिलिंडर फुटले. अशा ठिकाणी गडाखालच्या गावातली बाई खाकीत उभी असेल तर फरक पडतो. बायका ओटी घेऊन कुठे थबकतात, कुठे दम लागून खाली बसतात, हे तिला ठाऊक असतं. एखादीच्या अंगात आलं तर तिला ओढायचं नाही, भोवती जागा करायची, मग रांग आपोआप पुढे सरकते. हे तिला शिकवावं लागत नाही. पण उतरायची वाट यंदा कुठून आहे, रुग्णवाहिका कुठवर येणार, हरवलेलं पोर कुणाकडे द्यायचं, हे तिला आधी सांगायला हवं. लाठी हातात घेऊन गर्दीत उभं राहिल्यावर ते विचारायला सवड नसते.

डिसेंबर 1946 मध्ये मुंबई प्रांतात दंगलींच्या दिवसांत हे दल उभं राहिलं, ते नागरिकांनी पोलिसांच्या मदतीला यावं म्हणून. आजही भरतीला पोलीस ठाण्याच्या हद्दीतला रहिवासी असण्याची अट आहे. मग हद्दीतल्या त्या माणसाला नियोजनाच्या बैठकीलाही बोलवा. प्रत्येक पथकातून एक जण पुरे, त्यात एखादी बाई असावी.

जागा पाहण्याच्या दिवसाचा भत्ता जादा द्यावा लागेल, तो द्यावा. त्याच दिवशी आरोग्य विभागाच्या माणसांकडून सीपीआरचा (हृदय बंद पडलेल्याची छाती दाबून जीव वाचवण्याचा) सराव करून घ्यावा. येत्या पौष पौर्णिमेच्या आदेशापासूनच याची सुरुवात व्हावी, ही विनंती.

आपली,
एक महिला होमगार्ड
वाई तालुका, जि. सातारा