बालवाडीसाठीपण पावती फाडा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मंडळांच्या मीटिंगा सुरू झाल्यात, थोड्या दिवसांत पेठेत पावतीपुस्तकं फिरतील, म्हणून आत्ताच लिहितेय. मी 27 वर्षं एका मराठी शाळेच्या बालवाडीत शिकवलं. प्राथमिकच्या वर्गांना अनुदान असतं, त्याच शाळेतल्या बालवाडीला नसतं, हे पालकांना माहितीच नसतंय. बाईंचा पगार, सतरंजी, खेळणी सगळं फीमधनं नाहीतर कुणाच्या तरी देणगीतनं. एका वर्षी मला दिवाळीपासनं शिमग्यापर्यंत पगार नव्हता, संस्थेकडं खरंच पैसे नव्हते. फी वाढवली की पोरं जातात, नाही वाढवली तर बाई सोडून जाते, आणि बालवाडी बंद पडली की दोन-तीन वर्षांत पहिलीचा वर्ग रिकामा, कारण तोवर पोरगं इंग्लिश नर्सरीत रुळलेलं असतं, तिथनं त्याला कोण उठवून आणणार?

माझी लेक उत्तर आयर्लंडमधल्या बेलफास्टला असते, मागच्या उन्हाळ्यात तिच्याकडं होते. तिथं सगळीकडं इंग्लिश, पण शेजारचं लेकरू आयरिश भाषेच्या बालवाडीत जायचं, नीस्कोल म्हणतात तिला. मी बालवाडीवाली, त्यामुळं चौकशी केल्याशिवाय राहवलं नाही. शॉज रोडवर काही कुटुंबांनी आयरिश बोलायचं ठरवून शेजारी शेजारी घरं बांधली आणि 1971 ला स्वतःच शाळा काढली, पोरं फक्त 9! शाळा काढली तर खटला भरू असं सरकारनं आधी बजावलेलं, तरी काढली. सरकारी पैसा यायला 1984 उजाडलं, म्हणजे 13 वर्षं लोकांनी वर्गणी गोळा करून शाळा चालवली. मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलं ते हे की 1978 ला त्यांनी बालवाडी काढली आणि ज्यांच्या घरात इंग्लिशच बोलतात त्यांचीपण पोरं घेतली, तिथनं पट वाढत गेला. लहान लेकराला भाषा अंगवळणी पडायला वेळ लागत नाही, हे मी रोज बघितलंय, आमच्याकडं कानडी आणि हिंदी घरातली पोरं दिवाळीपर्यंत मराठीत भांडायला लागायची.

आता तर तिथं 2001 पासनं आयरिश शाळांसाठी वेगळा ट्रस्टच आहे. सरकार त्यात पैसे घालतं, लोकांकडनंपण देणग्या घेतात, आणि नवीन शाळेला सुरुवातीच्या अडचणीच्या वर्षांत तो हात देतो. असं आपल्याकडं का नको? 2024 ला मराठीला अभिजात दर्जा मिळाला तेव्हा मलापण भरून आलं, पण त्यानं बालवाडीच्या बाईंचा पगार झाला नाही.

आणि हे आपल्या कोल्हापूरला नवीन नाही हो. शाहू महाराजांनी 1901 पासनं एकेका समाजाला हाताशी धरून बोर्डिंगं उभी केली, 1917 ला प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं. आजपण जरगनगरच्या महापालिका शाळेत ॲडमिशनसाठी पालक रांगा लावतात, म्हणजे शाळा चांगली असली तर लोकांना मराठी चालते.

शिरोली, गोकुळ शिरगाव, कागलच्या मोठ्या कंपन्यांना कायद्यानं नफ्यातले 2 टक्के समाजासाठी खर्च करावे लागतात, शिक्षण त्यात बसतं. तो पैसा बहुतेक वेळा बिल्डिंग नाहीतर कॉम्प्युटरला जातो कारण त्यावर नाव घालता येतं, पगारावर कुणाचं नाव घालणार, पण बालवाडी बाईंवरच चालते. मंडळांनी डॉल्बीच्या खर्चातनं थोडा भाग काढून आपापल्या पेठेतली एक बालवाडी वर्षभरासाठी घ्यावी, पगार दर महिन्याला वेळेवर द्यावा आणि हिशोब मंडपात फळ्यावर लावावा, एवढंच मागणं आहे.

जे मंडळ सुरुवात करेल त्यानं पहिली पावती माझी फाडावी, 5,001 ची. बालवाडी कुठली ते मंडळानं ठरवावं.

आपली,
एक निवृत्त बालवाडी शिक्षिका
मंगळवार पेठ, कोल्हापूर